द्रुतगती मार्गावरची उजवी मार्गिका: कमाल वेगाने जाणाऱ्यानेही मागच्याला वाट द्यावी का?

वारजेकर (प्रश्न)

नमस्कार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या मार्गिकांच्या शिस्तीविषयी एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे आणि त्यावरून घरातही मतभेद आहेत, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

कामानिमित्त मला पुण्याहून नवी मुंबईला नेहमी जावे लागते. उर्से टोलनाका मागे पडला की मी मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटरवर आणतो आणि पुढे लोणावळ्यापर्यंत सहसा उजव्या मार्गिकेतच राहतो. मधल्या मार्गिकेत मालट्रक आणि टेम्पो इतके असतात की तेथे राहिल्यास दर थोड्या अंतराने कोणाला तरी ओलांडावे लागते, आणि सारखी मार्गिका बदलणे मला धोक्याचे वाटते. माझा वेग सपाट भागासाठी ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेइतका असतो, त्यामुळे माझ्यापेक्षा वेगाने जाण्याचा कायदेशीर अधिकार मागच्या कोणालाही नाही, अशी माझी समजूत आहे. तरीही मागून एखादी मोटार अगदी जवळ येते, डिपर मारत राहते, हॉर्न वाजवते आणि शेवटी डावीकडून घुसून माझ्यापुढे येते.

माझे मेहुणे म्हणतात की मी डावीकडे सरकून वाट द्यायला हवी. माझे म्हणणे असे की वाट दिली तर वेगमर्यादा मोडणाऱ्याला मी मदतच केली असे होईल. यात नियम काय सांगतो आणि अनुभवी चालक प्रत्यक्षात काय करतात, हे दोन्ही जाणून घ्यायचे आहे. कृपया भाषा संयमित ठेवून उत्तरे द्यावीत.

घाटमाथा

वारजेकर, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. तुमच्या मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे.

आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचे आणि पुढच्याला उजवीकडून ओलांडायचे, हा मूळ नियम आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांत तो होता आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही तो आहे. तीन मार्गिकांच्या रस्त्यावर या नियमाचा अर्थ असा होतो की डावी मार्गिका जड आणि संथ वाहनांची, मधली मोटारींच्या नेहमीच्या प्रवासाची आणि उजवी फक्त पुढच्याला ओलांडण्यासाठी. ओलांडून झाले आणि मधल्या मार्गिकेत पुरेशी जागा मिळाली की तेथे परत यायचे. उजव्या मार्गिकेत कोणी किती वेगाने जातो यावर हे मुळीच अवलंबून नाही. १०० ने जाणाऱ्यालाही ती मार्गिका ओलांडण्यापुरतीच मिळते, वस्तीला नव्हे.

आता तुमच्या मुख्य युक्तिवादाकडे येतो. तुमच्या काट्यावर १०० दिसत असले तरी मोटारीचा खरा वेग बहुधा त्याहून थोडा कमी असतो, कारण वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवणार नाही अशा बेताने कारखान्यातच बसवलेला असतो. त्यामुळे तुमच्या काट्यावरचे १०० आणि मागच्याच्या काट्यावरचे १०० यांत काही किलोमीटरांचा फरक सहज पडू शकतो, आणि मागचा चालक मर्यादेतच असू शकतो. समजा तो खरोखर ११५ ने येत आहे. तरीही त्याला अडवण्याचे काम तुमच्याकडे कोणी दिलेले नाही. २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा वेग आणि मार्गिकांची शिस्त या दोन्हींची नोंद घेते आणि दंडाचे चलन थेट वाहनमालकाकडे पाठवते.

शिवाय मागच्या मोटारीत काय चालले आहे हे आरशातून कळत नाही. मावळातल्या एखाद्या गावातून छातीत कळा येणाऱ्या माणसाला घरच्याच मोटारीत घालून मोठ्या रुग्णालयाकडे नेणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मोटारीला ना भोंगा असतो, ना निळा दिवा. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण घरच्या मोटारीतल्या रुग्णासाठी असे कलम नाही. तेथे आपल्या समजूतदारपणाचाच आधार असतो.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या वर्णनातच सापडली. शेवटी तो डावीकडून घुसून पुढे येतो, असे तुम्ही लिहिले आहे. घुसण्याची चूक त्याचीच आहे, यात शंका नाही. पण तुम्ही वेळेवर डावीकडे आला असता तर तो उजवीकडून सरळ निघून गेला असता. उजवी मार्गिका अडली की मागची वाहने डावीकडे वाटा शोधू लागतात, मग मधल्या मार्गिकेतला ट्रकचालक गोंधळतो, त्याच्या मागचा ब्रेक दाबतो, आणि एका मोटारीच्या हट्टाचा त्रास तिन्ही मार्गिकांना होतो. मधल्या मार्गिकेत राहून तुमचा वेग ९० पर्यंत उतरला तरी ६० किलोमीटरच्या टप्प्यात चारच मिनिटे जास्त लागतील. हिशेब करून पाहा.

निगडीकर

घाटमाथा यांच्याशी सहमत आहे. मात्र मालट्रक मधल्या मार्गिकेत का असतात, हा भाग चर्चेत आला नाही, म्हणून लिहितो. आमचा वाहतुकीचा लहान व्यवसाय आहे. चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांमधला माल न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोहोचवणे हे मुख्य काम. त्यामुळे चालकांशी या विषयावर माझे रोज बोलणे होते, आणि त्यांच्या चुका झाकण्याचा माझा हेतू नाही.

जड वाहनाने डाव्या मार्गिकेत राहावे, हा नियम चालकांना ठाऊक असतो. पण आमचा चालक महिन्यातले थोडेच दिवस द्रुतगती मार्गावर असतो. उरलेले दिवस तो सोलापूर रस्त्यावर, नगर रस्त्यावर किंवा सातारा-कोल्हापूरकडे असतो. तेथे डाव्या बाजूला काय असते ते आठवा. गावातून अचानक वर येणारी दुचाकी, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, थांब्याबाहेर उभी असलेली एसटी, उलट्या दिशेने येणारा सायकलस्वार आणि ढाब्यासमोर अर्धी रस्त्यावर लावलेली वाहने. भरलेला ट्रक लवकर थांबत नाही, म्हणून तो चालक पोटापाण्याच्या पहिल्या वर्षापासून दुभाजकाच्या कडेने चालायला शिकतो. द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना बंदी आहे, तेथे डावी बाजू मोकळी आहे, हे त्याच्या डोक्याला कळते, पण हाताला वळण जुन्याच रस्त्याचे लागलेले असते. त्यातच डाव्या मार्गिकेत एखादा बंद पडलेला ट्रक कडेला पूर्ण न घेता उभा असतो. रात्री अशा वाहनावर मागून धडक बसण्याची भीती चालकांच्या मनात खोलवर बसलेली आहे, आणि ती भीती खोटी नाही.

तरीही जे चूक आहे ते चूकच. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडतो तेव्हा काय घडते, याचा हिशेब मी आमच्या चालकांना कागदावर करून दाखवतो. पुढचा ट्रक ४० ने जात आहे आणि आपला ४५ ने. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला दीड मीटरही नाही. दोन्ही ट्रकांची लांबी प्रत्येकी १२ मीटर आणि मागे-पुढे २० मीटरचे सुरक्षित अंतर धरले, तर ६४ मीटर पुढे सरकायला पाऊण मिनिट लागते. तेवढ्या वेळात आपला ट्रक अर्ध्या किलोमीटरहून जास्त रस्ता कापतो आणि तेवढ्या सगळ्या रस्त्यावर दोन मार्गिका बंद राहतात. चढावर तिसराही ट्रक याच मोहात पडला की तिन्ही मार्गिका बंद, आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत मोटारींची रांग लागते. हे करून ट्रकचालकाला मिळते काय? वर पोहोचेपर्यंत जेमतेम दोन-तीन मिनिटे. हा हिशेब एकदा समजला की बहुतेक चालक पटकन मान्य करतात. मालकाने उशिराबद्दल पैसे कापले नाहीत, तर ते तसे वागतातही. म्हणून मला वाटते की मार्गिकांच्या शिस्तीचा निम्मा प्रश्न मालकांच्या कचेरीत सुटू शकतो.

मोटारचालकांना एकच विनंती. ट्रकला ओलांडून झाल्यावर लगेच त्याच्या तोंडासमोर येऊन ब्रेक दाबू नका. तुमच्या आतल्या आरशात ट्रकचा पूर्ण दर्शनी भाग, दोन्ही दिव्यांसह, दिसल्याशिवाय त्याच्या मार्गिकेत येऊ नये. आणि ट्रकच्या डाव्या अंगाला, केबिनच्या किंचित मागे, रेंगाळू नका. तेथे असलेली मोटार आमच्या चालकाला आरशात दिसतच नाही.

प्रभात रस्ता

येथपर्यंतची चर्चा वाचली. उजवी मार्गिका सोडावी हे मलाही मान्य आहे, पण मागून चिकटून येणाऱ्याचा दोष फार हलक्या हाताने बाजूला ठेवला गेला आहे असे वाटते. मी मोटार शिकवते, विशेषतः ज्या स्त्रिया परवाना मिळूनही महामार्गावर जायला कचरतात त्यांना. त्यांच्या भीतीचे पहिले कारण घाट नसतो, ट्रक नसतो, तर मागून दिवे फेकत येणारी मोटार असते.

ताशी १०० किलोमीटर वेगाला मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे म्हटले तर ते ५५ मीटर होते, आणि पावसात ते दुप्पट हवे. कोरड्या रस्त्यावरही धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत साधारण १०० मीटर लागतात. दहा मीटरवर चिकटलेल्या चालकाला पुढच्याचा ब्रेकचा दिवा पाहून पाय उचलण्याइतकाही वेळ मिळत नाही. पुरेसे अंतर ठेवणे हासुद्धा त्याच विनियमांतला नियम आहे. वाट मागायची तर दूरवरून एकदा डिपर द्यावा आणि वाट पाहावी, इतके पुरते.

वारजेकर, तुमच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मागचा चिकटला म्हणून घाबरून झटक्यात डावीकडे जाऊ नका. आधी आतला आरसा आणि डावा आरसा पाहावा, मग इंडिकेटर लावून दोन-तीन सेकंद तसेच सरळ जावे, खांद्यावरून एक नजर टाकून आरशात न दिसणारा कोपरा तपासावा आणि मगच सरकावे. मधल्या मार्गिकेत जागा नसेल तर आपल्या वेगाने शांतपणे पुढचा ट्रक ओलांडून पूर्ण करावा. मागच्याने कितीही दिवे मारले तरी जागा नसताना सरकणे तुमच्यावर बंधनकारक नाही. त्याला धडा शिकवण्यासाठी ब्रेकला पाय लावणे मात्र कधीही करू नये. आणि तो ओलांडू लागल्यावर आपला वेग वाढवू नये. ओलांडणाऱ्याला अडथळा होईल असा वेग वाढवणे नियमाने मना आहे, तरी चांगली शिकलेली माणसेही हे करताना मी पाहते.

वारजेकर

आपण सर्वांनी इतक्या सविस्तरपणे लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वेगमापकाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, आणि त्यामुळे माझ्या युक्तिवादाचा पायाच ढिला झाला. मधल्या मार्गिकेत राहून जाण्याचे ठरवले आहे.

त्यावरून दोन शंका उरतात. पहिली, एखादा ट्रक किंवा मोटार उजवी मार्गिका सोडायलाच तयार नसेल आणि मधली समोर पूर्ण मोकळी असेल, तर डावीकडून पुढे गेलेले चालते का? दुसरी, खंडाळ्याच्या घाटातही हेच सगळे लागू आहे का? तेथे उतरताना मला सर्वांत जास्त ताण येतो.

घाटमाथा

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. दोन प्रसंग वेगळे करायला हवेत. रांगा लागल्या आहेत, तिन्ही मार्गिका संथ चालल्या आहेत आणि तुमची मार्गिका उजवीपेक्षा थोडी वेगाने सरकते आहे. अशा वेळी तुम्ही आपल्या मार्गिकेतून पुढे गेलात तर त्यात काही वावगे नाही, कारण तुम्ही मार्गिका बदललेली नाही. परंतु मोकळ्या रस्त्यावर उजव्या मार्गिकेतल्या वाहनाच्या मागून निघून, डावीकडून वळसा घालून पुन्हा त्याच्यापुढे उजवीकडे येणे हा निराळा प्रकार आहे, आणि तो टाळावा. आपल्याला कोणी डावीकडून ओलांडील अशी उजवीकडच्या चालकाची अपेक्षा नसते. नेमक्या त्याच क्षणी त्याला डावीकडे सरकण्याची सुबुद्धी झाली तर? विशेषतः तुम्ही डिपर दिला असेल, तर तो सरकण्याची शक्यता जास्तच असते. म्हणून डिपर दिल्यावर चार-पाच सेकंद थांबावे. तो सरकला नाही, तर मागे अंतर ठेवून चालत राहावे. मधली मार्गिका पुढे लांबवर मोकळी असेल तर वेग न वाढवता तिच्यात यावे आणि तिच्यातच राहावे. पुढे जाणे झालेच तर ते आपल्या मार्गिकेत चालण्याच्या ओघात व्हावे, घाईने परत उजवीकडे येऊ नये.

बोगद्यांविषयीही लिहितो, कारण कामशेत आणि भाताणच्या बोगद्यांत मी नेहमी एक चूक पाहतो. आत शिरताच अनेक जण चारही इंडिकेटर एकदम लावतात. ते दिवे थांबलेल्या किंवा अडचणीत असलेल्या वाहनासाठी आहेत. चालत्या मोटारीत ते लावले की तुमचा डावा-उजवा इशारा कोणाला कळत नाही, आणि मागच्याला तुम्ही थांबला आहात की चालला आहात याचा अंदाज येत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याजवळ धुके उतरते तेव्हाही हेच होते. बोगद्यात आणि धुक्यात पुढचे दिवे खाली झुकवून लावावेत, मागे धुक्याचा लाल दिवा असल्यास तो धुक्यापुरता लावावा आणि आत असेपर्यंत मार्गिका बदलू नये.

निगडीकर

घाटाचे मी सांगतो. मुंबईकडे जाताना तो उतार आहे, आणि उतारावर मार्गिकांच्या शिस्तीची गरज सपाटीपेक्षा जास्त असते. घाटात जुन्या महामार्गाची वाहतूकही येऊन मिळते, त्यामुळे गर्दी वाढते आणि वेगवेगळ्या सवयींचे चालक एकत्र येतात. घाटातली वेगमर्यादा सपाटीपेक्षा बरीच कमी आहे. ती फलकावर पाहून पाळावी.

जड वाहनासाठी जुन्या चालकांची शिकवण अशी की ज्या गिअरने घाट चढशील त्याच गिअरने उतर. इंजिनच वाहनाला रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. काही चालक डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून पकड सोडतात, आणि सारखे दाबत राहिल्याने ब्रेक चालवणाऱ्या हवेचा दाबही उतरतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर झालेल्या अपघातांची आठवण पुणेकरांना वेगळी करून द्यायला नको. म्हणून मोटारचालकाने घाटात ट्रकच्या अगदी पुढे राहून रेंगाळू नये, आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीत तर मुळीच शिरू नये. ती फट खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या चालकाने थांबण्यासाठी राखलेली असते, रिकामी जागा म्हणून नव्हे. मोटारीतही गिअर उतरवून चालवावे. स्वयंचलित गिअरच्या मोटारींत त्यासाठी वेगळी सोय असते, ती आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत पाहून आधी सपाटीवर वापरून बघावी.

आणखी एक, कारण यावरून गैरसमज होतात. घाटात किंवा साध्या दुपदरी रस्त्यावर काही ट्रकचालक मागच्याला पुढे जायला सांगण्यासाठी उजवा इंडिकेटर देतात. दुसरा एखादा चालक तोच इंडिकेटर स्वतः उजवीकडे येण्यासाठी देतो. पुढचा चालक यांपैकी कोणता, हे मागून ओळखता येत नाही. आमच्या चालकांना मी सांगितले आहे की इंडिकेटर फक्त आपल्या वाहनाची हालचाल सांगण्यासाठी लावायचा, मागच्याच्या वतीने रस्ता मोकळा असल्याची ग्वाही द्यायची नाही. वारजेकर, तुम्हीही ट्रकचा उजवा इंडिकेटर दिसला की तो उजवीकडे येणार आहे असेच धरा आणि मागे थांबा. तो खरोखर वाट देत असेल तर त्याचे वाहन डावीकडे सरकलेले तुम्हाला दिसेलच.